उतारा वाचता आला पाहिजे

बारावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यात घरोघरी ठरलेली चर्चा सुरू होते. पोरगं हुशार असेल तर नीट, त्यासाठी लातूर. गणित बरं असेल तर जेईई, त्यासाठीही लातूर, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. दोन्हींत बसत नसेल तर शहरात खोली, एखादी अभ्यासिका, पहाटे मैदानावर 1600 मीटर आणि मग पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशी लांबलचक रांग. वकिलीचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी, तोही 'काहीच जमलं नाही तर एलएलबी करून टाकू' अशा सुरात. एखादी मुलगी हौसेनं म्हणालीच की मला वकील व्हायचंय, तर चुलता विचारतो, "काळा कोट घालून कोर्टासमोर झाडाखाली बसणार का?"

वास्तविक कायद्याशी इतका रोजचा संबंध असलेला दुसरा जिल्हा शोधावा लागेल. अकराही तालुक्यांत बांधाचा वाद नाही असं शिवार सापडणं अवघड. माजलगावच्या धरणात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेसाठीचं भूसंपादन, इनामी जमिनीची खरेदीखतं, अपघाताचा दावा, न वटलेला चेक, पोटगी. प्रत्येक भावकीत कुणीतरी एक जण तारखेला जाणारा असतोच. ज्या आजोबांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही ते 'स्टे', 'अपील', 'वारसाची नोंद', 'फेरफार' हे शब्द बिनचूक वापरतात. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर तर 'मकोका' आणि 'न्यायालयीन कोठडी' यांतले बारकावे चहाच्या टपरीवर चर्चिले जाऊ लागले. कायदा इथे सगळ्यांना लागतो. तो शिकायला जाण्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करता येते आणि बरीचशी मराठीतून करता येते, एवढं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. हे पुस्तक त्यांच्या हाती पडावं म्हणून लिहिलेलं आहे.

या भागात कायद्याची भाषा किती वेळा पालटली हे आधी पाहायला हवं, कारण परीक्षेची भीती बहुतेकदा भाषेची भीती असते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचं माध्यमच उर्दू होतं आणि कायद्याचं शिक्षणही त्यातच मिळे. म्हणजे पाटोद्याच्या किंवा गेवराईच्या मराठी घरातल्या मुलाला वकील व्हायचं तर घरची बोली बाजूला ठेवून उर्दूत दावे लिहायला शिकावं लागे, आणि ती माणसं ते शिकली. आजही इनामी जमिनीच्या खटल्यात मुंतखब, म्हणजे इनामाचा जुना उर्दू दस्त, निघतो तेव्हा तो वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागतो. कुळाच्या वादात 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक निघतं. 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, 1954 चा इनाम निर्मूलन कायदा ही नावं पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला अपरिचित असतील. मराठवाड्यातल्या वकिलाचं त्यांच्यावाचून चालत नाही.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बीडच्या अपिलाचा प्रवास हैदराबादऐवजी मुंबईकडे वळला. एका तारखेसाठी मुंबई गाठणं म्हणजे पक्षकाराचा हंगामच बुडणं. 1981 साली उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला आलं तेव्हा कुठे हे अंतर आटोक्यात आलं. पुढे 1998 च्या अधिसूचनेनं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत राहिलं. उर्दू, इंग्रजी, मराठी : जेमतेम पन्नास वर्षांत एका जिल्ह्यानं कायद्याच्या तीन भाषा हाताळल्या. अशा जिल्ह्यातल्या मुलांनी 'आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला कायदा झेपायचा नाही' म्हणावं हे इतिहासाला धरून नाही.

या सगळ्या स्थित्यंतरांतून गेलेलं एक नाव बीडचंच आहे. नरेंद्र चपळगावकर 1938 साली बीडमध्ये जन्मले. काही काळ लातूरला मराठी शिकवलं, मग बीडला वकिली केली, खंडपीठ आल्यावर औरंगाबादला गेले आणि 1990 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निवृत्तीनंतर त्यांनी इतकं आणि असं लिहिलं की 2023 साली वर्ध्याच्या 96 व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक राहिलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं 'कर्मयोगी संन्यासी' हे चरित्र त्यांचंच. मराठीचा प्राध्यापक न्यायमूर्ती होतो यात आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. मजकूर नीट वाचणं, लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते हुडकणं आणि जे लिहिलेलं नाही ते पदरचं न घालणं हेच दोन्हीकडचं काम.

चपळगावकरांच्या पिढीला मात्र प्रवेश परीक्षा नव्हती. पदवी घ्यायची आणि विधी महाविद्यालयात नाव घालायचं. बरेच जण नोकरी सांभाळून सकाळच्या वर्गाला बसत. कायद्याचं शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, ही समजूत त्या काळातली आहे आणि वर उल्लेखिलेल्या चुलत्याच्या डोक्यात ती अजून टिकून आहे.

ती समजूत मोडण्याची सुरुवात बंगळुरूला झाली. एन. आर. माधव मेनन यांच्या पुढाकारानं तिथे राष्ट्रीय विधी विद्यालय उभं राहिलं आणि 1988 पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला मुलं जशी ठरवून जातात तशी वकील व्हायलाही जावीत, हा त्यामागचा विचार. प्रवेशासाठी परीक्षा ठेवली गेली. बंगळुरूचं पाहून हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर अशी विद्यापीठं निघाली आणि प्रत्येकानं आपापली परीक्षा काढली. एकाच उन्हाळ्यात मुलांना देशभर हिंडावं लागे, प्रत्येक ठिकाणी वेगळं शुल्क भरावं लागे. अखेर 2006 साली हे गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2008 मध्ये सात विद्यापीठांनी मिळून क्लॅट ही सामाईक परीक्षा घेतली.

क्लॅटचा इतिहास म्हणजे कोर्टकज्ज्यांचाच इतिहास, असं गमतीनं म्हणावंसं वाटतं. 2018 मध्ये संगणकांनी दगा दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. 2020 मध्ये बंगळुरूनं स्वतंत्र परीक्षा घेतली, ती न्यायालयानं रद्द केली. डिसेंबर 2024 च्या परीक्षेतल्या चुकीच्या प्रश्नांवरून पुन्हा वाद झाला आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न काढण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल स्पष्ट शब्दांत नाराजी नोंदवली. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते. आठवड्याभरात ते देशाचे सरन्यायाधीश झाले. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी, अमरावतीतूनच कायद्याची पदवी. क्लॅट नावाची गोष्ट त्यांच्या विद्यार्थिदशेत अस्तित्वातच नव्हती. परीक्षा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, तिचीही उत्तरपत्रिका तपासली जाते, एवढा धडा विद्यार्थ्यानं यातून घेतला तरी पुरे.

महाराष्ट्रात विधी महाविद्यालयांचे प्रवेश दीर्घकाळ गुणपत्रिकेवर होत. 1855 पासून चालत आलेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय असो, 1924 चं पुण्याचं आयएलएस असो की बीडचं रामराव आवरगावकर विधी महाविद्यालय, टक्के पाहिले जात. 2016 पासून राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आली आणि सगळं एका यादीवर आलं. बीडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनं हा बदल क्लॅटपेक्षा मोठा आहे. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण ही परिचयाची महाविद्यालयं आणि मुंबई-पुण्याची नावाजलेली महाविद्यालयं यांचं दार आता एकाच परीक्षेनं उघडतं. मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचं शुल्क अनेक खासगी कनिष्ठ महाविद्यालयांपेक्षाही कमी आहे, हे पालकांना सांगितलं की त्यांचा आधी विश्वास बसत नाही.

दोन परीक्षांचे स्वभाव मुळातच वेगळे आहेत. क्लॅट फक्त इंग्रजीत, कागद-पेनावर, 2 तासांत 120 प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. राज्याची सीईटी संगणकावर, प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, चुकीला वजावट नाही. सीईटीत पूर्वी 150 प्रश्न होते, आता 120 आहेत. वजावट नाही म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यानं दहा-पंधरा प्रश्न सोडून येणारी मुलं दर वर्षी भेटतात. क्लॅटमध्ये सवय लागलेली सावधगिरी सीईटीत नडते आणि सीईटीतला बिनधास्तपणा क्लॅटमध्ये अंगाशी येतो. दोन्ही देणाऱ्यानं हे आधीच मनाशी पक्कं करावं.

भाषेचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत कायदेविषयक कल 32, तर्कक्षमता 32, सामान्य ज्ञान 24, इंग्रजी 24 आणि गणित 8 प्रश्न. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला ज्या भागाची धास्ती वाटते तो पाचात एक. उरलेले 96 प्रश्न ती मराठीत वाचू शकते. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मात्र इंग्रजीचे 40 प्रश्न, एकूण परीक्षेचा तिसरा हिस्सा. बीए मराठीतून करून मग 'बघू एलएलबीचं' म्हणणाऱ्यासमोर इंग्रजीचा डोंगर वाढलेला असतो, हे कुणी सांगत नाही. बारावीनंतरच ठरवलं तर इंग्रजीचं ओझं हलकं पडतं. ज्यांची ती वेळ गेली त्यांच्यासाठीही दार बंद नाही. कमाल वयाची अट नसल्यानं चाळिशीतले ग्रामसेवक आणि शिक्षकही तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी देतात.

आता तयारीच्या पद्धतींविषयी. यात ढोबळमानानं तीन घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही.

बीडमध्ये सर्वांत रुळलेलं घराणं अभ्यासिकेचं. कलम 14 ते 32 पाठ, घटनादुरुस्त्यांचे क्रमांक पाठ, लॅटिन सूत्रं पाठ, मागच्या सहा महिन्यांच्या चालू घडामोडींची पुस्तिका पाठ. तलाठी भरतीसाठी बसलेल्या मुलाला ही पद्धत सवयीची असते. तिची सरसकट टिंगल करू नये. बुद्धिमत्ता चाचणी आणि सामान्य ज्ञान यांवर दोन वर्षं घालवलेला मुलगा सीईटीच्या जवळपास निम्म्या प्रश्नांसाठी तयारच असतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. तीन वर्षांच्या सीईटीत अजूनही थेट माहितीवर प्रश्न येतात आणि तिथे पाठांतर कामी येतं. पण कायदेविषयक कल या भागात प्रसंग दिला जातो, नियम दिला जातो आणि निष्कर्ष विचारला जातो. तिथे पाठ केलेलं कलम आठवत बसणारा अडकतो.

दुसरं घराणं उताऱ्याचं. 2020 मध्ये क्लॅटनं सुटे प्रश्न जवळजवळ बंद केले आणि साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याआधीची 200 प्रश्नांची क्लॅट पाठांतराला बऱ्यापैकी वाव देत असे. आता गणितसुद्धा उताऱ्यातून येतं. या घराण्याचे लोक सांगतात : रोज अग्रलेख वाचा, लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा, त्याचं गृहीत कोणतं ते शोधा. सल्ला चोख आहे. अडचण एवढीच की तो बहुधा इंग्रजी वृत्तपत्र हातात धरून दिला जातो आणि शिरूर कासारच्या मुलाला पहिल्याच परिच्छेदात बारा शब्द अडतात. चौथ्या दिवशी वृत्तपत्र बंद होतं.

तिसरं घराणं सराव परीक्षांचं. मोठ्या शहरांतले क्लास आणि आता मोबाइलवरचे अॅप दर आठवड्याला सराव पेपर घेतात, क्रमांक सांगतात, आलेख काढतात. वेळेचं भान यायला याचा उपयोग होतो, यात शंका नाही. मात्र चुकलेला प्रश्न का चुकला हे न पाहता पुढचा पेपर सोडवणं हे काही तयारीचं लक्षण नव्हे. पंचवीस सराव पेपर देऊन गुण जागच्या जागी असलेली मुलं कमी नाहीत.

या तिघांखेरीज एक प्रयत्न वेगळा म्हणून नोंदवायला हवा. 2010 साली कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी 'इडिया' हा उपक्रम सुरू केला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिकणारी मुलं बहुतांश शहरी, इंग्रजी माध्यमाची आणि सुस्थितीतली आहेत, हे त्यांच्या डोळ्यांना खुपलं. उपाय म्हणून त्याच विद्यापीठांतले विद्यार्थी वंचित घरांतल्या मुलांना शोधून क्लॅटसाठी शिकवू लागले. 2019 मध्ये बशीर गेले, काम चालू आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत आणि तिसरं बीडपासून दोन-अडीच तासांवर आहे. तरीही क्लॅटचा अर्जच सर्वसाधारण गटाला 4000 रुपयांच्या घरात पडतो आणि पुढे वर्षाचं शुल्क लाखांत जातं. ऊसतोड कामगाराच्या घरात हे आकडे उच्चारतानाच विषय संपतो. राखीव जागा, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज यांची माहिती क्लॅटच्या तयारीचाच भाग मानायला हवी.

हे पुस्तक यांतल्या कोणत्याही एका घराण्याचं नाही. उताऱ्यावर त्याचा भर आहे, पण तो उतारा आधी मराठीत आणि आपल्या गावातला, एवढा त्याचा वेगळेपणा. तर्क करण्याची सवय ज्या भाषेत माणूस भांडतो आणि हिशेब करतो त्या भाषेत आधी लागते आणि मग ती दुसऱ्या भाषेत नेता येते, अशी या मांडणीमागची धारणा आहे.

एक नमुना पाहू. नियम दिलाय : अठरा वर्षांखालील व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, त्याच्या आधारे तिच्याकडून वसुली करता येत नाही. प्रसंग दिलाय : धारूर तालुक्यातल्या सतरा वर्षांच्या मुलानं मुकादमाकडून ऊसतोडीच्या हंगामाची उचल म्हणून 50,000 रुपये घेतले, कागदावर सही केली आणि टोळी निघाली त्या दिवशी गेला नाही. मुकादमानं कराराच्या आधारे दावा लावला. काय होईल?

वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मी मुलं तावातावानं म्हणतात, पैसे घेतले तर फेडलेच पाहिजेत. उरलेली तितक्याच तावातावानं म्हणतात, मुकादम लुटतात, त्यांना काही मिळता कामा नये. दोन्ही उत्तरं कायद्याची नव्हेत. मुकादम चांगला की वाईट, याचा इथे संबंध नाही. मुलगा सतरा वर्षांचा आहे, दावा कराराच्या आधारे आहे, म्हणून दावा टिकत नाही. बस. मग प्रसंगातली एकेक गोष्ट बदलायची. मुलानं वय खोटं सांगितलं असेल तर? दिलेल्या नियमात खोटेपणाबद्दल काहीच नाही, तेव्हा उत्तर तेच. सही बापानं केली असेल तर? बाप सज्ञान आहे, हा नियम त्याला लागूच होत नाही, आता दुसरा नियम लागेल. मुलगा हंगामाच्या मध्यावर अठरा वर्षांचा झाला तर? सही कधी केली ते पाहा. तासाभरात तीच मुलं एकमेकांना थांबवून विचारू लागतात, "हे उताऱ्यात कुठं लिहिलंय?"

त्यानंतर त्यांना सांगायचं की हा नियम आकाशातून पडलेला नाही. 1872 च्या करार कायद्याचा अर्थ लावताना 1903 साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात तो पक्का केला. तिथे ऊस नव्हता, कोलकात्यातली गहाण मालमत्ता होती, पण कर्ज घेणारा असाच अज्ञान होता. परीक्षेला खटल्याचं नाव लागेलच असं नाही. प्रसंग समजल्यावर ते नाव न घोकता लक्षात राहतं, एवढंच.

याच पद्धतीनं पुस्तकात घरातले कागद वापरले आहेत. सातबारा, फेरफाराची नोटीस, ग्रामसभेचा ठराव, पोलिसांनी दिलेली एफआयआरची प्रत, विमा कंपनीचं दावा नाकारल्याचं पत्र. यातला प्रत्येक कागद काहीतरी सांगतो आणि काहीतरी सांगायचं राहून जातं. कोणतं विधान त्यातून निघतं आणि कोणतं आपण आपल्या मनानं जोडतो, हे वेगळं काढता येणं म्हणजे तर्कक्षमतेच्या भागातले अर्धे प्रश्न सुटणं. इंग्रजीचा सराव त्यानंतर येतो, आणि तोही ओळखीच्या विषयावरच्या छोट्या परिच्छेदांपासून. आपल्या प्रदेशात पडणाऱ्या दुष्काळावरचा इंग्रजी मजकूर अमेरिकेच्या निवडणुकीवरच्या मजकुरापेक्षा लवकर उमजतो. शब्द अडले तरी विषय अडत नाही.

असं पुस्तक आताच का, याची कारणं बरीच आहेत. तातडीचं कारण म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं 302 आता 103 झालं आणि फसवणुकीचं 420 आता 318. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मात्र जुनीच गाइडं निम्म्या किमतीत मिळतात आणि घरची ओढाताण असलेली मुलं नेमकी तीच घेतात.

दुसरं कारण जिल्ह्याच्या पोटात आहे. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली, असा राज्यातला नीचांकी आकडा बीडचा होता. पुढच्याच वर्षी परळीतलं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण देशभर गाजलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातल्या विशीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक तरुणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्याला समिती नेमावी लागली. गर्भलिंगनिदानाचा, बालविवाहाचा, वेठबिगारीचा असे सगळे कायदे आहेत. ते वापरणारी, त्याच गावातून आलेली, फडावरच्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी वकील मुलगी तालुक्याच्या कोर्टात हवी. बाहेरचा वकील तारखेला येतो आणि तारखेला जातो.

आणि त्या मुलीसाठी काही वाटा खरोखर मोकळ्या झाल्या आहेत. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्यानं माफ केलं आहे. ते केंद्रीभूत प्रवेश फेरीतून गेलं तरच मिळतं, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नाही. पदवीनंतर सनदेसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतही देता येते. न्यायाधीश व्हायचं असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निर्णयानुसार आधी तीन वर्षं वकिली करणं पुन्हा सक्तीचं झालंय. त्यामुळे 'एलएलबी केलं की थेट न्यायाधीशाची परीक्षा' हा अभ्यासिकेतला लाडका बेत आता चालणार नाही. कोर्टासमोरच्या त्या झाडाखाली थोडे दिवस बसावंच लागेल.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. यात यशाची हमी नाही, टॉपरच्या मुलाखती नाहीत, अमुक दिवसांत अमुक गुण असं वेळापत्रक नाही. चालू घडामोडी मुद्दामच वगळल्या आहेत. त्या छापून येईपर्यंत शिळ्या होतात, त्यांच्यासाठी रोजचं वर्तमानपत्र आहे. गणिताच्या 8 प्रश्नांवर फार पानं खर्च केलेली नाहीत. दहावीचं टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी पक्कं असेल तर ते वेगळं शिकवण्याची गरज नाही. क्लॅटपर्यंत या पुस्तकानं न्यावं तेवढं नेलेलं आहे, पण शेवटच्या टप्प्यावर इंग्रजी सरावाला पर्याय नाही आणि तसा दावाही नाही. प्रश्नसंख्या आणि गुणांची विभागणी छपाईच्या वेळची आहे. सीईटी कक्षाचं माहितीपत्रक दर वर्षी नव्यानं निघतं, तेच प्रमाण मानावं.

एक व्यावहारिक भाग सर्वसाधारण मार्गदर्शक पुस्तकांत नसतो, इथे तो सविस्तर आहे, आणि बीडमध्ये तो अभ्यासाइतकाच महत्त्वाचा ठरतो. सीईटीचा अर्ज भरायची वेळ बहुधा हिवाळ्यात येते. नेमके त्याच महिन्यांत आई-वडील पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो आणि मोबाइल उसात. सेवा केंद्रावर फोटो ठरावीक केबीत बसत नाही, तोवर सर्व्हर डाऊन. मार्कांनी यादीत आलेली मुलगी जातवैधता प्रमाणपत्राअभावी मागे पडते. म्हणून अर्जाला नंबर द्यायचा तर तो घरी राहणाऱ्या माणसाचा द्यावा. वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच टाकावा. त्यासाठी लागणारे वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले, वंशावळ, जुने महसुली उतारे टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या आत गोळा करावेत. नॉन क्रिमीलेअरचा दाखला मात्र त्यावर लिहिलेल्या मुदतीपुरताच चालतो. तो हिवाळ्यात काढून ठेवला तरी प्रवेश फेरीच्या वेळी मुदत संपलेली असू शकते. तसं असेल तर मार्च उलटून आई-वडील गावी परतले की तो पहिल्या आठवड्यातच नव्यानं काढायला टाकावा.